खून सारायेवोत झाला, मग जर्मन सैन्य बेल्जियममध्ये का घुसलं?

तिसरी_घंटा

मुलगी नववीत आहे. पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना तिनं एक प्रश्न विचारला आणि मी अडकले. तिच्याच शब्दांत लिहिते: "आई, मेला तो ऑस्ट्रियाचा युवराज. मारणारा बोस्नियातला सर्ब मुलगा. मग जर्मनीनं बेल्जियमवर का हल्ला केला? बेल्जियमनं काय केलं होतं?"

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, करारांचं जाळं. ती म्हणाली, "ही कारणांची नावं झाली. घडलं काय ते सांग ना."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. खून २८ जून १९१४ ला झाला आणि ४ ऑगस्टला ब्रिटनही युद्धात उतरलं होतं. मधल्या ३७ दिवसांत नेमकं काय झालं? कुणालाच थांबवता आलं नाही का? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. लांब उत्तर चालेल, आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत.

शाईची_दौत

मुलीचा प्रश्न उत्तम आहे. आधी तारखा मांडतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिपनं गोळ्या घातल्या तेव्हा तो १९ वर्षांचा होता. वीस पूर्ण नव्हती म्हणून त्याला फाशी झाली नाही. नंतर जवळजवळ एक आठवडा युरोप शांत होता. ५ आणि ६ जुलैला बर्लिननं ऑस्ट्रियाला कळवलं की तुम्ही सर्बियाबाबत जे कराल त्यात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. याला इतिहासात 'कोरा धनादेश' म्हणतात. २३ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला ४८ तासांचं निर्वाणीचं पत्र दिलं. सर्बियानं बहुतेक अटी मानल्या, पण खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या भूमीवर नकोत असं सांगितलं. २८ जुलैला ऑस्ट्रियानं युद्ध पुकारलं. सर्बियाच्या मागे रशिया, रशियाशी करार फ्रान्सचा, ऑस्ट्रियाशी जर्मनीचा. १ ऑगस्टला जर्मनीनं रशियावर, ३ तारखेला फ्रान्सवर युद्ध जाहीर केलं, ४ तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्या रात्री ब्रिटन उतरलं.

बेल्जियम का, याचं उत्तर जर्मनीच्या युद्धयोजनेत आहे. ते लूप_लाइन काका जास्त चांगलं सांगतील, त्यांचं आयुष्य गाड्यांमध्ये गेलंय.

लूप_लाइन

दौत यांनी हाक मारली म्हणून लिहितो. मी इतिहासाचा माणूस नाही. ३१ वर्षं रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यात काढली, त्यातली १९ कंट्रोलच्या खुर्चीत, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची, कुठे थांबवायची ते ठरवण्याच्या कामात, कानाला फोन आणि समोर चार्ट. निवृत्तीनंतर या युद्धावर हाती लागेल ते वाचत आलो, कारण पहिल्यांदा जुलै १९१४ ची हकीकत वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. हे युद्ध गाड्यांनी सुरू झालं, गाड्यांनी लांबलं आणि रेल्वेच्या डब्यात थांबलं.

ताई, मुलीला आधी नकाशा उघडायला सांगा. जर्मनीच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला रशिया, आणि या दोघांचा आपसात करार. एका वेळी दोन्हीकडे पूर्ण ताकदीनं लढणं जर्मनीला शक्य नव्हतं. पण रशिया अफाट. त्याला सैन्य गोळा करून सीमेवर आणायला वेळ लागणार, कारण अंतरं मोठी आणि मार्ग थोडे. त्यावर जर्मन सेनापतींचा हिशेब असा: रशिया तयार होईपर्यंत सुमारे सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात फ्रान्सला लोळवायचं, मग तेच सैन्य गाड्यांत घालून पूर्वेला न्यायचं.

आता फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवायचं कसं? सरळ सीमेवर व्हर्दं, तूल, एपिनाल, बेलफोर अशी किल्ल्यांची रांग. तिथे डोकं आपटण्यात महिने जाणार. म्हणून वळसा घालून उत्तरेनं, सपाट बेल्जियममधून जायचं. त्या वाटेच्या तोंडाशी लिएज. बारा किल्ल्यांनी वेढलेलं शहर आणि रेल्वेचं मोठं जंक्शन. लिएज हातात आल्याशिवाय पुढच्या गाड्या सरकत नाहीत. बेल्जियमचा गुन्हा एवढाच की तो वाटेत होता. त्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन करारानं दिली होती, आणि त्या करारावर प्रशियाचीही सही होती.

इथे मुलीनं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बाकीच्या देशांत सैन्य गोळा करणं म्हणजे तयारी होती. गोळा करून सीमेवर थांबता येत होतं. जर्मनीच्या योजनेत तसं थांबणं नव्हतंच. लिएज पहिल्या काही दिवसांतच घ्यायचं असल्यामुळे गाड्या सुटणं आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं ही एकाच वेळापत्रकातली कामं होती.

त्या वेळापत्रकाचा आकार सांगतो. सुमारे ४०,००० माणसांच्या एका कोअरला (सैन्याच्या मोठ्या विभागाला) १४० गाड्या लागत, आणि तिच्या रसदीला जवळजवळ तेवढ्याच पुन्हा. जमवाजमवीसाठी जर्मनीत सुमारे ११,००० गाड्या ठरवलेल्या होत्या. कोलोनला ऱ्हाईनवर होहेनझोलर्न पूल आहे. २ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान त्या एका पुलावरून ५४ डब्यांच्या २,१५० गाड्या गेल्या. दर दहा मिनिटांना एक, दिवसरात्र, सतरा दिवस. मी हा आकडा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. ५४ डब्यांची गाडी दहा मिनिटांच्या अंतरानं एक रात्र चालवायची तर कंट्रोलरला पाण्याचा घोट घ्यायला सवड मिळत नाही. ज्यांनी हे सतरा दिवस चालवलं ते आपल्या कामात अव्वल होते. आणि त्यांनी जे वाहून नेलं त्यातलं किती परत आलं, हा विचार मला आजही सोडत नाही.

आता दोन प्रसंग.

पहिला २९ जुलैचा, सेंट पीटर्सबर्गचा. झार निकोलसनं संपूर्ण जमवाजमवीच्या हुकुमावर सही केली होती. हुकूम घेऊन एक जनरल मुख्य तारघरात उभा होता, तारयंत्रं मोकळी करून ठेवली होती. तेवढ्यात जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची तार आली. कैसर आणि झार नात्यातले, एकमेकांना 'विली' आणि 'निकी' लिहीत. झारनं हुकूम मागे घेतला: फक्त ऑस्ट्रियासमोरची अर्धी जमवाजमव करा. सेनाधिकारी हादरले, कारण अर्ध्या जमवाजमवीची धड योजनाच तयार नव्हती. अर्धी सुरू केली तर नंतर पूर्ण करताना सगळं वेळापत्रक कोलमडणार. ३० जुलैला परराष्ट्रमंत्री साझोनोव्हनं झारला पुन्हा राजी केलं. सेनाप्रमुख यानुश्केविचनं तर सांगूनच ठेवलं होतं की यावेळी परवानगी मिळाली की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा रद्द करायला कुणी मला गाठू शकणार नाही.

कंट्रोलच्या माणसाला हे वाक्य कसं ऐकू येतं ते सांगता येत नाही. आमच्या कामात फोन तोडणं म्हणजे पुढे काय होणार ते न बघता सिग्नल सोडणं.

दुसरा प्रसंग १ ऑगस्टच्या संध्याकाळचा, बर्लिनचा. जमवाजमवीचा हुकूम निघालाय. लंडनहून जर्मन राजदूताची तार येते, तिचा अर्थ असा लागतो की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन फ्रान्सला बाजूला ठेवील. कैसर आनंदतो आणि सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणतो, मग सगळं सैन्य पूर्वेकडेच नेऊ. मोल्टके म्हणतो, ते शक्य नाही. लाखोंची मांडणी ऐनवेळी फिरवता येत नाही, वर्षभराचं काम आहे, नाहीतर सैन्याऐवजी उपाशी माणसांचा जमाव सीमेवर पोचेल. कैसर चिडून म्हणाला, तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं. काका म्हणजे थोरले मोल्टके, ज्यांनी १८७० ला फ्रान्सला हरवलं होतं.

त्याच संध्याकाळी लक्झेंबर्गच्या हद्दीतल्या त्र्वा व्हिएर्ज नावाच्या छोट्या स्टेशनात जर्मन सैनिकांची एक तुकडी घुसली. स्टेशन आणि तारघर ताब्यात घेतलं. अर्ध्या तासानं दुसरी तुकडी मोटारीतून आली, म्हणाली चूक झाली, मागे फिरा. कैसरचा थांबण्याचा हुकूम तिथवर पोचला होता! पण रात्री अकराच्या सुमारास लंडनहून खुलासा आला की तारेचा अर्थ चुकीचा लावला गेला. कैसरनं मोल्टकेला सांगितलं, आता तुम्हाला हवं ते करा. दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्ग जर्मनांच्या ताब्यात होतं.

'शक्य नाही' या उत्तराबद्दल मला राग आहे, आणि तो पुस्तकी नाही. माझ्या नोकरीत एका रात्री तीन आठवडे आखलेली स्पेशल गाड्यांची मालिका रद्द झाली. चार गाड्या निघून गेल्या होत्या, सहा रेक, म्हणजे डब्यांच्या अख्ख्या रांगा, यार्डात भरून उभे. वरचे साहेब म्हणाले, आता थांबवता येणार नाही, चालू द्या. आम्ही तिघांनी चार्ट नव्यानं काढला, एकेक गाडी लूपवर (बाजूच्या रुळावर) घेतली, क्रू बदलले. सकाळी सात वाजले, घसे बसले, पण झालं. युद्धाची जमवाजमव याच्या हजारपट मोठी, हे मान्य. तरी 'येत नाही' आणि 'करायचं नाही' यांतला फरक मी त्या रात्री शिकलो. आणि मोल्टकेचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही खरं नव्हतं. जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाचे प्रमुख जनरल फॉन श्टाब यांना हे इतकं लागलं की युद्धानंतर त्यांनी पुस्तकच लिहिलं आणि दाखवून दिलं की १ ऑगस्टला विचारलं असतं तर बरंचसं सैन्य पूर्वेकडे वळवता आलं असतं. ज्या खात्याच्या जिवावर 'शक्य नाही' म्हटलं गेलं, त्या खात्याला कुणी विचारलंच नव्हतं.

शाईची_दौत

काका, अंगावर काटा आला. तरी एक हरकत नोंदवतो, कारण मुलगी वाचणार आहे. दोष वेळापत्रकावर टाकला की माणसं सुटतात. जर्मनीकडे एके काळी फक्त पूर्वेकडे लढायची पर्यायी योजना होती. ती दरवर्षी सुधारून ठेवत. १९१३ च्या एप्रिलपासून ते काम बंद केलं. 'दुसरा मार्ग नाही' ही परिस्थिती आपोआप आली नाही, ती केली गेली. कोरा धनादेशही कुठल्या गाडीनं दिला नव्हता. व्हिएन्नात कोन्राडसारखे सेनापती कित्येक वर्षं सर्बियावर युद्धाची मागणी करत होते. आणि रशिया फ्रेंच कर्जातून पश्चिमेकडे रेल्वे वाढवत होता, ते काम १९१७ च्या सुमारास संपणार होतं. बर्लिनमध्ये काहींना वाटत होतं की लढायचंच तर त्याआधी लढावं. ही भीती होती, आणि भीतीपोटी घेतलेला निर्णय होता.

लूप_लाइन

दौत, तुमची हरकत शंभर टक्के मान्य. १९१३ ची गोष्ट मी सांगायला हवी होती, उलट तिच्यानंच माझं म्हणणं पुरं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सेक्शनमधल्या लूप लाइनी उखडून टाकल्या आणि मग म्हणाले, गाडी उभी करायला जागा नाही. उखडणारे हात माणसांचे होते. मुलीला तसंच सांगा.

बेलग्रेडचीही एक गोष्ट. २५ जुलैला संध्याकाळी सहाच्या आत सर्बियाचं उत्तर ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या हातात पडलं. त्यानं ते वरवर चाळलं, संबंध तोडल्याचं पत्र दिलं आणि साडेसहाची गाडी पकडली. सामान आधीच बांधलेलं होतं. उत्तर वाचायला किती वेळ द्यायचा हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

पुढचं युद्ध कसं झालं तेही थोडक्यात, कारण लांब उत्तर चालेल असं ताई म्हणाल्यात.

योजना फसली तीही रुळांवरच. बेल्जियननी मागे हटताना बोगदे आणि पूल उडवले. जर्मन उजवी फळी रेल्वेपासून लांब, पायी आणि घोड्यांवर, ऑगस्टच्या उन्हात शेकडो किलोमीटर चालत आली. फ्रान्सचे मार्ग मात्र पॅरिसपासून सगळीकडे फाकलेले, त्यामुळे फ्रेंच सरसेनापती जोफ्रनं सैन्य गाड्यांतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हलवलं. सप्टेंबरमध्ये मार्नच्या काठी जर्मन थांबले. पॅरिसच्या टॅक्सींची गोष्ट सगळे सांगतात, पण सुमारे ६०० टॅक्सींनी काही हजार माणसं नेली. खरं ओझं आगगाड्यांनी ओढलं. पूर्वेला टॅननबर्गला जर्मनांनी हेच उलट बाजूनं केलं, आपली एक कोअर गाडीनं फिरवून रशियन सैन्याच्या बगलेला आणली. रशियाचा रूळ १५२४ मिमी, जर्मनीचा १४३५. सीमेवर आलं की एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळावर चालत नाहीत.

त्यानंतर उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरचे खंदक. चार वर्षं रेषा फारशी का हलली नाही, याचं बरंचसं उत्तर मला रुळांत दिसतं. हल्ला करणारा फळी फोडतो, पण पुढे चिखलातून पायी जातो. बचाव करणाऱ्याच्या पाठीशी रेल्वे असते, तो त्याआधी नवी माणसं आणून भोक बुजवतो. माणूस तासाला चार किलोमीटर चालणार आणि गाडी तीस धावणार, यात दर वेळी हल्ला करणारा हरला. १ जुलै १९१६ ला सोम नदीकाठी एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० जण मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मृत. एका दिवसात. व्हर्दंला मोठ्या रेल्वेमार्गांचा उपयोग उरला नव्हता, तेव्हा बार-ल-द्यूकहून येणाऱ्या एका रस्त्यानं आणि एका छोट्या मीटर गेज मार्गानं शहर तगलं. गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर दर चौदा सेकंदांना एक मोटार जात होती.

१९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी शेवटचा मोठा जोर लावला, तेव्हा आमियां त्यांच्या हाताशी आलं होतं. ब्रिटिश सैन्याची बहुतेक रसद त्या जंक्शनातून जायची. १६ किलोमीटरवर येऊन ते अडकले. ऑगस्टमध्ये तिथूनच दोस्तांनी उलटा धक्का दिला. अमेरिका आणि ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी या गोष्टी दौत माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. एवढंच सांगतो, १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक गेल्यावर जर्मन घरांत माणसं जनावरांचं सलगम खाऊन जगली.

तिसरी_घंटा

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी नकाशावर बोट ठेवून वाचलं. त्र्वा व्हिएर्ज सापडलं! टेलिफोन फोडण्याच्या वाक्याशी ती बराच वेळ थांबली. मग दोन प्रश्न विचारले. एक, 'डब्यात थांबलं' म्हणजे काय? दोन, युद्ध संपल्यावर त्या गाड्यांचं काय झालं? दुसरा प्रश्न मला सुचलाच नसता.

लूप_लाइन

तिला माझा आशीर्वाद सांगा. दुसरा प्रश्न फार थोड्यांना पडतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

शस्त्रसंधीच्या अटींत जर्मनीनं ५,००० इंजिनं आणि १,५०,००० डबे द्यायचे, असं लिहिलं होतं. चालू स्थितीत. मग २८ जून १९१९ ला, खुनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्सायचा तह झाला. त्यातल्या २३१ व्या कलमानं नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली, आणि १९२१ ला रक्कम ठरली १३२ अब्ज सुवर्ण मार्क. ती लाकूड आणि कोळशाच्या रूपातही फेडायची होती. तारेचे खांब आणि कोळसा वेळेवर पोचले नाहीत म्हणून १९२३ च्या जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूर या जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या भागात शिरलं. तिथल्या रेल्वे कामगारांनी गाड्या चालवायला नकार दिला. हजारोंना कुटुंबासकट हाकलून दिलं. त्यांचा पगार भागवायला बर्लिन नोटा छापत राहिलं, आणि नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क झाले. ज्यांनी जन्मभर बचत केली होती त्यांच्या हातात कागद उरला. त्याच महिन्यात म्युनिकमध्ये हिटलरनं सत्ता बळकावण्याचा पहिला प्रयत्न केला. तो फसला, पण माणसं कुणाचं ऐकायला लागली होती ते दिसलं.

बाकी परिणाम ती पुस्तकात वाचेलच: जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन आणि ऑटोमन अशी चार साम्राज्यं गेली, सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक गेले. रशियातल्या क्रांतीच्या गोष्टीतही एक गाडी आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं लेनिनला स्वित्झर्लंडहून आपल्या हद्दीतून गाडीनं जाऊ दिलं, कारण तो रशियाला युद्धातून बाहेर काढील अशी आशा होती. ३ मार्च १९१८ ला रशियानं ब्रेस्ट-लिटोव्हस्कला जर्मनीशी तह केला आणि ती आशा फळलीही.

आता डबा. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचच्या सुमारास कंपिएन्यच्या जंगलात, दोस्तांचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या गाडीतल्या २४१९ क्रमांकाच्या डब्यात सह्या झाल्या. लढाई थांबायची सकाळी अकरा वाजता. मधले सहा तास अनेक ठिकाणी तोफा चालूच होत्या आणि माणसं मरत होती. सही झाल्याचं माहीत असलेल्या अधिकाऱ्यांनीही काही ठिकाणी हल्ले केले. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

२२ जून १९४० ला हिटलरनं तोच डबा त्याच जागी आणवला आणि फ्रान्सला त्यात सही करायला लावली. मग तो बर्लिनला नेला, १९४५ मध्ये तो नष्ट झाला. आज कंपिएन्यला जो डबा ठेवलाय तो त्याच मालिकेतला दुसरा, मूळ क्रमांक २४३९. १९५० मध्ये तिथे आणून त्याच्यावर २४१९ लिहिलं. मुलगी कधी त्याचं चित्र पाहील तर तिला हे सांगा.